महिन्याचा बाजार: पैसे नेमके कुठे गळतात आणि कसे अडवायचे?

सातवी_गल्ली
आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. घरात चार माणसं: आम्ही दोघं, सासूबाई आणि आठवीतला मुलगा. किराणा, भाजी, दूध, तेल मिळून महिन्याला 14-15 हजार जातात. खाण्यापिण्यात हात आखडायचा नाही. मुलाचं दूध, सासूबाईंची भाकरी, रविवारचं मटण आहे तसंच राहू दे. पण तोच माल कमी पैशांत पदरात पडायला हवा, एवढंच म्हणणं आहे.

तीन गोष्टी नेमक्या विचारायच्या आहेत. कोपऱ्यावरचं दुकान, मॉल आणि लक्ष्मीपुरीची बाजारपेठ यांतलं काय कुठून घ्यावं? वर्षाची बेगमी आजच्या काळात परवडते का? आणि तेलाचा डबा घेताना एक दुकानदार 15 किलोचा भाव सांगतो, दुसरा 15 लिटरचा. यातला स्वस्त कुठला, हे कसं ओळखायचं? मोघम सल्ले नकोत, आकड्यांत सांगा.

हिशेबवही
ताई, तेलापासूनच सुरुवात करतो, कारण सगळ्यात मोठा गोंधळ तिथेच होतो.

खाद्यतेल पाण्यापेक्षा हलकं असतं. 1 लिटर तेलाचं वजन साधारण 910 ग्रॅम भरतं. म्हणजे 15 लिटरच्या डब्यात 13 किलो 650 ग्रॅम तेल असतं आणि 15 किलोच्या डब्यात पूर्ण 15 किलो. दोन्ही डबे दुकानात शेजारी ठेवले तर फरक डोळ्यांना कळत नाही. समजा 15 किलोचा डबा 2,400 ला आहे आणि 15 लिटरचा 2,250 ला. दुसरा दीडशेनं स्वस्त वाटतो. पण पहिला पडतो 160 रुपये किलो आणि दुसरा जवळजवळ 165. दीडशे रुपये वाचवायला जाऊन 1 किलो 350 ग्रॅम तेल कमी घरी येतं. डब्यावर निव्वळ वजन छापलेलं असतं. ते बघायचं आणि भाव किलोवर आणूनच बोलायचं.

पिशव्यांचंही हेच. पूर्वी 1 लिटरची पिशवी म्हणजे 910 ग्रॅम हे ठरलेलं होतं. आता त्याच आकाराच्या पिशवीत 850, 800, 750 ग्रॅमसुद्धा भरलेलं मिळतं. 910 ग्रॅम 150 ला म्हणजे किलोला 165. 750 ग्रॅम 128 ला म्हणजे किलोला 170 च्या वर. हातात घेताना 22 रुपये वाचल्यासारखे वाटतात आणि प्रत्यक्षात महाग तेल घरी येतं.

यावर उपाय पाकिटावरच छापलेला असतो. एमआरपीच्या जवळ बारीक अक्षरात एका ग्रॅमचा किंवा एका मिलीचा भाव द्यावा लागतो. किलो किंवा लिटरच्या वरच्या पाकिटावर तो किलोचा किंवा लिटरचा असतो. बहुतेकांचं तिकडे लक्षच जात नाही. मात्र तो आकडा वापरताना दोन ठिकाणी फसायला होतं. एक म्हणजे तो एमआरपीवर काढलेला असतो. दुकानदार एमआरपीपेक्षा कमी घेत असेल तर तो उपयोगाचा नाही, आपला आपण भागाकार करायचा. दुसरं, तो दोन दशांशांपर्यंतच असतो. ग्रॅमला 0.17 लिहिलं असेल तर खरा भाव किलोला 165 ते 175 मध्ये कुठेही असू शकतो. एका पैशाचा फरक म्हणजे किलोला दहा रुपये. जवळजवळच्या दोन पाकिटांत निवड करायची असेल तर मोबाईलवर किंमत भागिले वजन करा, दहा सेकंदांचं काम आहे.

मोठं पाकीट स्वस्तच असतं हा समज आधी काढून टाका. शाम्पूच्या बाबतीत बऱ्याचदा उलटं निघतं. 1 रुपयाच्या पुडीत 5 मिली असेल तर मिलीला 20 पैसे पडले. 340 मिलीची बाटली 270 ला असेल तर मिलीला 79 पैसे. माल तोच आहे का हे नावावरून नीट तपासायचं आणि मग ठरवायचं. बिस्किटांत 5 आणि 10 रुपयांचा पुडा तोच राहतो, आतले ग्रॅम कमी होत जातात. म्हणून पुडे मोजू नका, ग्रॅम वाचा.

ऑफरचा हिशेब पण पाठ करून ठेवण्यासारखा आहे. ‘तीनवर एक मोफत’ म्हणजे 25 टक्के सूट, 33 नव्हे. ‘50 टक्के जादा’ म्हणजे 33 टक्के सूट. ‘20 टक्के जादा’ म्हणजे जेमतेम 17. आणि ज्या वस्तूचे चार नग घरात दोन महिन्यांत संपणार नाहीत, तिथे ही सूट धरायचीच नाही.

आता कुठून काय घ्यायचं. साबण, पेस्ट, कपड्यांची पावडर, डबाबंद माल मॉलमध्ये एमआरपीच्या खाली मिळतो, तो तिथून. पण यादी लिहून न्या आणि यादीबाहेरचं काही टोपलीत पडू देऊ नका, नाहीतर वाचलेले पैसे बिलिंगच्या रांगेत पोचण्याआधीच जातात. धान्य, डाळ, गूळ, मिरची, सुकं खोबरं लक्ष्मीपुरीतून, कारण तिथे एकाच मालाच्या चार प्रती समोर ठेवून बघता येतात. कोपऱ्यावरचं दुकान अडीअडचणीला हवंच, तिथलं नातं तोडू नका. पण तिथून रोज थोडं थोडं आणण्यात गळती होते: 100 ग्रॅम जिरे, 200 ग्रॅम रवा, पावशेर साखर. सुट्या छोट्या मापाला भाव नेहमी वरच्या पूर्ण आकड्याला धरतात.

अंघोळीच्या साबणाचंही एक सांगून ठेवतो. वडीवर टीएफएम, म्हणजे साबणातल्या स्निग्धांशाचं प्रमाण, किती ते बघा. पहिल्या प्रतीला 76 टक्के, दुसरीला 70, तिसरीला 60 लागतं. ‘बेदिंग बार’ असं लिहिलेली वडी या प्रतवारीतच येत नाही. टीएफएम कमी असलेली वडी लवकर विरघळते, त्यामुळे स्वस्त घेतलेली वडी महिन्याच्या शेवटी महाग पडते.

एक वही करा. घरात सारख्या लागणाऱ्या वीसेक वस्तू, प्रत्येकीसमोर तारीख, दुकान आणि किलोचा भाव. किंमत लिहू नका, किलोचाच भाव लिहा. दोन महिन्यांत कळतं की कुठली वस्तू कुठे सतत स्वस्त आहे आणि कुठे फक्त पाटी लावलेली आहे.

लक्ष्मीपुरी_पेठ
बेगमीबद्दल लिहितो. परवडते, पण ज्याच्या त्याच्या हंगामात घेतली तर. बेगमी म्हणजे सगळं मे महिन्यात एकदम भरायचं, ही रीत मोडा. मेमध्ये सगळेच भरतात आणि भाव चढलेला असतो.

आवक कशी असते ते बघा. नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत येते, त्यामागून हरभरा. नवा लसूण फेब्रुवारी-मार्चपासून. हळद आणि चिंच त्याच सुमाराला. नवा गहू मार्च-एप्रिल. मिरची फेब्रुवारीपासून, चांगला वाळलेला माल मार्च-एप्रिलमध्ये. साठवणीचा कांदा एप्रिल-मे. तांदूळ नोव्हेंबर-डिसेंबर. गुळाचा हंगाम दिवाळी पाडव्याच्या सौद्यांनी शाहू मार्केट यार्डात सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. साखरेची बेगमी करू नका. आपल्याकडे साखर बारा महिने असते, भावात फार हालचाल नसते, आणि घरात जास्त असली की जास्त खपते.

कांद्यात चूक झाली तर सगळं पोतं जातं, म्हणून नीट सांगतो. पावसाळी लाल कांदा, ज्याला पोळ म्हणतात, तो टिकत नाही. त्याचं पाणी जास्त, मान जाड. साठवायचा तो रब्बीचा उन्हाळी कांदा: मान बारीक आणि पूर्ण सुकलेली, वरचा पापुद्रा खरखरीत, दोन-तीन पापुद्रे घट्ट बसलेले. दाबून बघा, मानेजवळ मऊ लागला तर घेऊ नका. असा कांदा चार-पाच महिने राहतो. मध्यम आकार घ्या. अगदी लहान गोल्टी स्वस्त मिळते, पण सोलताना जाणारा भाग जास्त आणि वेळही जास्त. फोडणीला, मसाल्याला गोल्टी चालते. कांदा आणि बटाटा एकाच टोपलीत ठेवू नका, बटाट्याच्या ओलाव्यानं कांदा सडतो. बटाटा अंधारात ठेवा. उजेडात बटाटा हिरवा पडतो, तो हिरवा भाग खाण्यालायक राहत नाही, खोलवर काढून टाकावा लागतो.

आता मिरची, कारण कोल्हापूरच्या घरात वर्षाची चटणी हा मोठा खर्च असतो. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. दोन्ही निम्मी-निम्मी घेतली तर रंगही येतो आणि झणझणीतपणाही. नुसती ब्याडगी घेऊन तिखट कमी पडलं म्हणून दुप्पट चटणी घातली, तर ती महागच पडते.

मिरची घेताना ओलावा तपासा. मूठभर घेऊन कानाशी हलवा, बिया खुळखुळल्या पाहिजेत. मधून मोडली की कट असा आवाज यायला हवा, वाकली तर ओली आहे. ओल्या मिरचीत तुम्ही पाण्याचे पैसे देता आणि वर ती बुरशी धरते. पांढरट, रंग उडालेली ती फटकी. ती निम्म्या भावात मिळते, पण चटणीला घेऊ नका, रंग येत नाही आणि आत बुरशी असू शकते. देठासकट आणि देठ काढलेली अशा दोन भावांत माल असतो. कुठली परवडते ते ठरवायला 100 ग्रॅम देठाची मिरची तोला, देठ काढा, पुन्हा तोला. 92 ग्रॅम राहिली तर 300 रुपये किलोची मिरची तुम्हाला 326 ला पडली. मोकळी मिरची 320 ला मिळत असेल तर तीच घ्या, मेहनतही वाचेल. डंकावर कुटणावळ वजनावर घेतात, म्हणून देठ, खडा, फोलपट आधीच काढून न्यायचं, म्हणजे कचरा कुटायचे पैसे द्यावे लागत नाहीत.

गुळाचं थोडक्यात. 1 किलोच्या सुबक ढेपेपेक्षा 5 किंवा 10 किलोचा रवा, म्हणजे गुळाचा मोठा ठोकळा, किलोमागे स्वस्त पडतो. पिवळाधमक गूळ दिसायला छान असतो, पण तो रंग बऱ्याचदा गूळ उजळ करणाऱ्या हायड्रॉस पावडरचा असतो आणि त्या रंगासाठी भाव जास्त लावतात. तांबूस-काळसर गूळ चवीला कमी नसतो. पावसाळ्यात गुळाला पाणी सुटतं, म्हणून सप्टेंबरपर्यंत संपेल एवढाच घ्या आणि जूनच्या आधी हवाबंद डब्यात घाला.

सातवी_गल्ली
दोघांचेही आभार, तेलाचा उलगडा झाला. पण फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, पावसाळ्यात भिंतींना ओल. गच्ची आहे, पण उन्हाळ्यात जेमतेम दोन दिवस मिळते. एवढ्या ओलीत धान्य भरून ठेवलं तर कीड लागून सगळंच फुकट जाणार नाही का?

कोठी_पिंप
ताई, कीड बहुतेक वेळा घरात लागत नाही, दुकानातून अंडी घेऊनच येते. आणि ओल असली की ती वाढते. म्हणून धान्य कोरडं करून आणि थंड करून भरणं, एवढ्यावर सगळं आहे.

गहू दोन दिवस कडक उन्हात पातळ पसरा, दिवसातून तीन-चार वेळा हलवा. दाताखाली धरला तर कटकन तुटला पाहिजे. चिरडला गेला तर आणखी एक दिवस. आता महत्त्वाचं: संध्याकाळी गरम गहू लगेच डब्यात भरायचा नाही. गरम धान्य बंद डब्यात गार होताना झाकणाच्या आतून घाम सुटतो, ते पाणी वरच्या थरावर पडतं आणि तिथूनच बुरशी सुरू होते. रात्रभर घरात कापडावर पसरून ठेवा आणि सकाळी भरा. ज्यांचं ऊन दाखवूनही धान्य गेलं, त्यांचं याच घाईनं गेलेलं असतं.

तांदळाला ऊन दाखवू नका. तो तडकतो आणि कणी होते. तांदूळ सावलीत पसरून, चाळून, कोरड्या डब्यात. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पूर्ण वाळवून, ओला पाला उलट ओल आणतो.

डाळ आणि कडधान्य यांत फरक करा. भुंगा आपली अंडी सालासकटच्या अख्ख्या दाण्यावर घालतो, म्हणून मूग, मटकी, चवळी, हरभरा लवकर पोखरले जातात. फोडलेली डाळ त्यामानानं टिकते. वर्षाची तूरडाळ भरायला हरकत नाही, पण अख्खे मूग-मटकी दीड-दोन महिन्यांचेच घ्या. डाळीला 10 किलोला दोन-तीन चमचे एरंडेल हातानं चोळून लावा, प्रत्येक दाण्याला नुसती चमक आली पाहिजे, चिकटपणा नको. शिजवण्याआधी गरम पाण्यानं धुतली की तेल जातं.

रवा, मैदा, बेसन साठवायचे पदार्थच नाहीत. महिन्याचेच घ्या आणि आणल्यावर चार दिवस हवाबंद पिशवीत फ्रीजरमध्ये ठेवा, अंडी असली तर मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. थंड पिठावर हवेतली वाफ बसते. खोलीइतकं तापमान आलं की मग डब्यात.

पिंप भिंतीला टेकवू नका, खाली लाकडी फळी घाला. जून ते सप्टेंबर मोठं पिंप रोज उघडायचं नाही. पंधरा दिवसांचा माल लहान डब्यात काढून घ्या, तोही पाऊस उघडलेल्या दुपारी. चटणी चिनी मातीच्या बरणीत, वर हिंगाचे खडे, आणि ओला चमचा कधीच नाही. चटणीत सुकं खोबरं आणि तेल जास्त असेल तर ती खवट व्हायची भीती असते. मग सहा महिन्यांचीच करा किंवा निम्मी फ्रीजमध्ये ठेवा.

गंगावेश_नाका
वरच्या सगळ्याशी सहमत, पण बेगमीबाबत थोडं हटकतो. चौघांच्या घरात, ओलीच्या फ्लॅटमध्ये, सगळं भरू नये. किलोमागे 8-10 रुपये वाचवायला 50 किलो गहू भरला म्हणजे वाचणार 400-500 रुपये. त्यातला 5 किलो खराब झाला की निम्मी बचत तिथेच संपते. भरायचं तर तूरडाळ, मिरची, लसूण, कांदा आणि तांदूळ एवढंच. तूरडाळ हंगामात आणि गणपती-दिवाळीच्या आसपास यांत भावाचा फरक मोठा पडू शकतो, म्हणून तिचं पारडं जड. गहू दोन-तीन महिन्यांचा घ्या.

गव्हाचा हिशेब असा. गहू 35 रुपये, दळणावळ 6, निवडताना किलोमागे 20 ग्रॅम गेलं तर 70 पैसे. म्हणजे पीठ 42 च्या आत पडलं. तयार आटा 5 किलो 250 ला असेल तर किलोला 50. महिन्याला 15 किलो पीठ लागलं तर सव्वाशे रुपये वाचले. गिरणीत आपल्या आधी कुणाचं दळण होतं ते बघा. गव्हानंतर गहू टाका. जात्याच्या पाळ्यांत आधीचं थोडं पीठ राहतं. आधी ज्वारी किंवा हरभरा दळला असेल तर तुमच्या पिठात ते येतं आणि तुमचं चांगलं पीठ पुढच्याच्या डब्यात जातं.

तांदळाला एक माहिती. सीलबंद, लेबल लावलेल्या 25 किलोपर्यंतच्या धान्य-डाळीच्या पिशवीवर 5 टक्के जीएसटी असतो, सुट्या मालावर नसतो. म्हणून बाजारात 26 किलोच्या पिशव्या दिसतात. शेजारच्या दोन घरांत वाटून घेतलं की 26 किलोचं पोतं काहीच नाही. पोतं घेताना निव्वळ वजन विचारा. तागाचं बारदान अर्ध्या किलोच्या वर भरतं. जुना तांदूळ पाणी जास्त घेतो, फुलतो, म्हणून तेवढ्याच तांदळात एक माणूस जास्त जेवतो. नव्याला दोन रुपये कमी म्हणून घेण्याआधी हे लक्षात घ्या. इंद्रायणी किंवा आजऱ्याचा घनसाळ हा सणाचा, पाहुण्यांचा तांदूळ, रोजच्याला कोलम.

भाजीकडे वळतो, कारण तिथे रोजची गळती आहे. कपिलतीर्थ, ऋणमुक्तेश्वर, लक्ष्मीपुरी, कुठल्याही मंडईत विचारा: कारली 60 रुपये किलो, पण पाव किलो 20 ला. पावाच्या भावानं किलो 80 ला पडतं. अर्धा किलो मात्र 30 लाच मिळतं. चार भाज्या आठवड्यातून दोनदा पावानं आणल्या तर प्रत्येक पावाला 5 रुपये, महिन्याला 160-170 फक्त मापात गेले. त्यापेक्षा दोन भाज्या अर्धा-अर्धा किलो आणा. पण अर्ध्या किलोतलं 125 ग्रॅमपेक्षा जास्त टाकून द्यावं लागलं तर फायदा संपला, तेव्हा टिकणाऱ्या भाज्यांनाच हे लावा: दुधी, भोपळा, कोबी, गाजर, बीट. पालेभाजीला नाही.

सोलून किती उरतं तेही भावात धरा. मटाराच्या 1 किलो शेंगांतून 400 ते 500 ग्रॅम दाणे निघतात. शेंगा 60 ला असतील तर दाणे 120 ते 150 ला पडले. फ्लॉवरचा पाला आणि दांडा काढून तोलून बघा, मग पाल्यासकट स्वस्त की मोकळा महाग हे कळेल. संध्याकाळी साडेसात-आठनंतर विक्रेते उरलेला माल वाट्यानं काढतात. टोमॅटो, मिरची, वांगी वाट्यात चांगली पडतात. वाट्याचं वजन एकदा घरी तोलून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी अंदाज पक्का होतो. मेथी, कोथिंबीर संध्याकाळी घेऊ नका, दिवसभर पाणी मारलेली असते आणि दुसऱ्या दिवशी काळी पडते.

काट्याकडे लक्ष ठेवा. भाजी टाकण्याआधी पडद्यावर शून्य दिसलं पाहिजे. मिठाईच्या दुकानात खोक्याचं वजन मिठाईत धरायचं नसतं. 50 ग्रॅमचं खोकं 500 रुपये किलोच्या पेढ्याबरोबर तोललं तर 25 रुपये पुठ्ठ्याचे गेले. आधी खोकं ठेवून काटा शून्यावर आणा म्हणून सांगायचं, शांतपणे, पण सांगायचंच. एमआरपीपेक्षा जास्त घेतलं किंवा वजनात खोट आढळली आणि दुकानदार ऐकत नसेल, तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. बिल जवळ ठेवा.

मटणात फार वाचत नाही, भाव सगळीकडे सारखाच. चिकनला ‘जिवंत’ आणि ‘ड्रेस’ असे दोन भाव असतात. साल काढून जिवंत वजनाच्या साधारण 65 टक्के मांस हाती येतं. जिवंत 130 ला असेल तर ड्रेस 200 ला पडतं. पाटीवर ड्रेस 240 असेल तर कोंबडी समोर तोलून घ्या. अंडी डझनानं न घेता 30 चा ट्रे घ्या.

साय_लोणी
दुधावर कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. फुल क्रीम दुधात 6 टक्के फॅट असतं, टोन्ड दुधात 3 टक्के. लिटरमागे सुमारे 30 ग्रॅम फॅटचा फरक. दोन्हींच्या भावात 16 रुपयांचं अंतर असेल तर तुम्ही ते फॅट साधारण 530 रुपये किलोनं विकत घेताय. घरी साय साठवून तूप काढत असाल तर हा सौदा चांगला, कारण बाजारात तूप त्याहून महाग आहे. सायीतून सगळं फॅट निघत नाही हे धरूनसुद्धा. पण साय कुणी खात नसेल, ताकाला-लोण्याला वेळ नसेल, तर चहाला टोन्ड घ्या आणि मुलाला प्यायला फुल क्रीम. दोन पिशव्या वेगळ्या ठेवणं जड वाटतं, पण दिवसाला एक लिटर टोन्डवर गेलं की महिन्याला 480 रुपये राहतात.

सुटं म्हशीचं दूध घेत असाल तर मापाकडे बघा. ताज्या धारेला वर फेस असतो. माप फेसासकट काठोकाठ भरलं तर खाली दूध कमी येतं. फेस बसेपर्यंत दोन मिनिटं थांबा, किंवा दूध थोडं स्थिर झाल्यावर मापून द्या म्हणा. घरी एकदा मोजपात्रात ओतून बघितलं की दूधवालाही मापाला जपतो.

सातवी_गल्ली
दूध दोन प्रकारचं घेणं या आठवड्यापासून सुरू. शेवटचं एक: शेंगदाणे नेऊन घाण्यावर तेल काढून आणणं परवडतं का? सासूबाईंना तेच हवं असतं.

हिशेबवही
1 किलो तेलाला साधारण 2 किलो 400 ग्रॅम दाणे लागतात. दाणे 130 नी धरले तर 312 रुपये. गाळपणावळ दाण्याच्या किलोला 15 धरली तर 36. एकूण 348. पेंड सव्वा किलोच्या वर हाती येते. ती 40 च्या भावानं गेली तर सुमारे 54 परत. म्हणजे तेल 294 रुपये किलो पडलं, लिटरचं बोलायचं तर 268 च्या आसपास. तुमच्या जवळच्या घाण्यावर तयार तेलाचा भाव किलोचा आहे की लिटरचा ते आधी विचारा, आणि मग याच्याशी ताडून बघा. पेंड घेणारं कोणी नसेल, गोठा जवळ नसेल, तर ते 54 रुपये धरू नका. मग 348 पडतं आणि तयार घेतलेलं बरं.

दाणे नेताना कोरडे न्या आणि खवट, काळे दाणे निवडून काढा, पाच-दहा दाण्यांनी सगळ्या तेलाला वास लागतो. घाण्यावर आपलेच दाणे आपल्यासमोर पडतात का ते बघायला उभं राहा. तेल आणल्यावर दोन-तीन दिवस हलवू नका, गाळ खाली बसू द्या, वरचं नितळ तेल स्टीलच्या कोरड्या डब्यात काढा. तळाचा गाळ तळणीला वापरू नका, लगेच करपतो आणि फेस येतो. तो चटणीत किंवा भाकरीबरोबर लवकर संपवा. घाण्याचं तेल दोन महिन्यांपुरतंच काढा. तुमच्या घरात तळणाला दुसरं तेल असेल आणि हे फक्त फोडणीला, भाकरी-चटणीला असेल, तर महिन्याला एक-दीड किलो पुरेल, म्हणजे एका वेळी साडेसात किलो दाणे न्यायला हरकत नाही.

जाण्या-येण्याचाही खर्च लिहा. लिटरला 45 किलोमीटर देणारी गाडी आणि 105 चं पेट्रोल धरलं तर किलोमीटरला सव्वादोन-अडीच रुपये. घाणा, लक्ष्मीपुरी आणि गिरणी एकाच फेरीत बसवा.